स्कार्फ, टाय, पट्टा, रुमाल : कस्टम्सचा कोड कसा शोधायचा

मराठीत स्वेटरही विणतात आणि चादरही विणतात. क्रियापद एकच, आणि रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. कस्टम्सच्या दरसूचीत, म्हणजे कुठल्या मालाला कुठला कोड आणि किती शुल्क याच्या यादीत, मात्र या दोन विणकामांमध्ये अख्ख्या प्रकरणाचा फरक आहे. मी पहिल्यांदा स्कार्फ मागवले तेव्हा नेमकी तिथेच ठेच लागली. पुरवठादाराने इनव्हॉइसवर ६२१४.९० हा कोड टाकला होता. 'सुती, विणलेले' एवढं वाचून मी तोच पुढे दिला. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कापड भिंगाखाली धरलं आणि विचारलं, "हे तर होजिअरीचं आहे. ६११७ का नाही?" होजिअरी म्हणजे स्वेटरसारखी फासांची विण, आणि ६२१४ आहे मागावरच्या कापडासाठी. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग खुलासा, दुरुस्ती, पुन्हा कागद. तोवर माल पडून राहिला.

आता कुठलाही नवा नमुना हातात आला की मी खालच्या क्रमाने जातो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण दरसूचीचे प्रश्न ग्राहकाच्या प्रश्नांसारखे नसतात. ग्राहक विचारतो, ही वस्तू कशासाठी? दरसूची बऱ्याचदा आधी विचारते, ही कशी बनली?

आधी थोडं कोडाबद्दल

एचएस (हार्मोनाइज्ड सिस्टिम) कोडची पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. ब्रसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. कोडाचे पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण, चार अंक म्हणजे हेडिंग, सहा अंक म्हणजे सबहेडिंग. हे सहा अंक ही पद्धत वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे. त्यापुढचे अंक ज्या-त्या देशाचे: भारतात कोड आठ अंकी, अमेरिकेत दहा अंकी. शुल्काचा दर बहुतेक वेळा या लांब कोडावर ठरतो. म्हणून परदेशी पुरवठादाराचे पहिले सहा अंक पडताळून पाहायचे आणि पुढचे सरळ सोडून द्यायचे. ते तुमच्या देशाचे नाहीतच.

कापडाचा पसारा अकराव्या विभागात आहे, प्रकरण ५० ते ६३. आपल्या कामाची मुख्य दोन: ६१ म्हणजे होजिअरी आणि क्रोशाच्या तयार वस्तू, ६२ म्हणजे तशा नसलेल्या. ६३ मध्ये उरलेल्या तयार वस्तू.

जवळ काय हवं

- वस्तूचा खरा नमुना. फोटोवरून कोड ठरवू नका. फोटोत विण दिसत नाही.
- भिंग. कापडवाले धागे मोजायला वापरतात ते घडीचं भिंग उत्तम.
- टेप, सेंटिमीटरचा.
- धाग्यांचं प्रमाण टक्क्यांत, तेही वजनाने, पुरवठादाराच्या लेटरहेडवर. शंका असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल.
- कापड कसं बनलं ते सांगणारी एक ओळ: हातमाग वा यंत्रमागाचं, होजिअरीचं, क्रोशाचं की नमद्यासारखं दाबून केलेलं.
- बकल, इलॅस्टिक, अस्तर, मणी अशा जोडकामाची यादी.
- चालू वर्षाची तुमच्या देशाची दरसूची, विभागाच्या आणि प्रकरणाच्या टिपांसकट. टिपा नसलेली नुसती कोडांची यादी धोकादायक असते.

१. वस्तू कापडाच्या विभागात येते तरी का, ते पाहा

'फॅशन ॲक्सेसरी' नावाचा खण दरसूचीत कुठेही नाही. दुकानात एकाच स्टँडवर टांगलेल्या वस्तू इथे निरनिराळ्या गावी राहतात.

कापडी पर्स, बटवा, पाकीट, खांद्यावरची पिशवी ४२०२ मध्ये. बाहेरून शंभर टक्के सुती असली तरी. अकराव्या विभागाची पहिलीच टीप ४२०२ च्या वस्तू बाहेर काढते, आणि ती न वाचल्यामुळे अनेकजण पिशव्या 'इतर तयार वस्तू' म्हणून ६३०७ मध्ये टाकतात. चामड्याचा पट्टा आणि चामड्याचे हातमोजे ४२०३ मध्ये, प्लॅस्टिकचा पट्टा ३९२६ मध्ये, रबरी हातमोजे ४०१५ मध्ये. केसांचे चाप, फण्या आणि आकडे ९६१५ मध्ये. बटणं ९६०६, कपड्यांची चेन (झिप) ९६०७, सुटं धातूचं बकल ८३०८. कापडी फुलं ६७०२. घड्याळाचा कापडी पट्टा चक्क घड्याळांच्या प्रकरणात, ९११३ मध्ये.

टोप्या ६५ व्या प्रकरणात. लोकरीची विणलेली टोपी असो की कापडाची शिवलेली, ती ६५०५. केसांची जाळीही तिथेच, कुठल्याही पदार्थाची असली तरी. पण कपाळावर बांधायचा हेडबँड डोकं झाकत नाही, म्हणून तो टोपी नव्हे. तो ६११७ किंवा ६२१७ कडे परत येतो.

रेक्झिनसारख्या मालाकडे नीट पाहा. कापड पूर्णपणे प्लॅस्टिकमध्ये बुडालेलं असेल, किंवा दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर नुसत्या डोळ्यांना दिसत असेल, तर दरसूचीच्या लेखी ते कापड राहत नाही. ३९ वं प्रकरण उघडावं लागतं.

२. विण ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, तेव्हा इथे वेळ घालवा.

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात ओलांडतात. कापलेल्या कडेचा एक धागा सुईच्या टोकाने ओढला तर तो सरळ, सुटा निघतो. होजिअरीत आणि क्रोशात धागा टाक्यांत अडकलेला असतो. भिंगाखाली साखळीसारखे फास दिसतात आणि ओढलेला धागा नागमोडी निघतो, कधी पूर्ण ओळच उसवते.

'ताणलं जातं म्हणजे होजिअरी' ही कसोटी विसरून जा. स्पॅन्डेक्स घातलेलं मागावरचं कापडही छान ताणलं जातं, आणि काही होजिअरी कापडं जेमतेम हलतात. मीही पूर्वी कापड ताणून मान डोलवत असे.

होजिअरी किंवा क्रोशा असेल तर ६१. बाकी सगळं ६२, त्यात नमदा आणि न विणलेलं कापडसुद्धा आलं. याला एक मजेशीर अपवाद आहे: ६२१२. ब्रा, पोट आवळायला आतून घालायचे कंबरपट्टे आणि पँटचे गॅलिस होजिअरीचे असले तरी ६२१२ मध्येच बसतात, तसं हेडिंगमध्येच लिहिलं आहे. मोज्यांचं उलट. होजिअरीचे पायमोजे ६११५, पण कापड शिवून केलेले पायमोजे ६२१७ मध्ये.

३. वस्तू 'तयार' आहे की कापडाचा तुकडा, ते ठरवा

६१ आणि ६२ मध्ये फक्त तयार वस्तू घेतात. 'तयार' शब्दाची व्याख्या अकराव्या विभागाच्या सातव्या टिपेत आहे. चौरस वा आयताशिवाय दुसऱ्या आकारात कापलेली, कड दुमडून शिवलेली किंवा गोल वळवलेली, कडेला गाठी मारलेल्या दशा असलेली, शिवून वा चिकटवून जोडलेली, आकारातच विणून काढलेली, यांपैकी काहीही एक झालं की वस्तू तयार. मागावरच अशी विणलेली की मधले धागे कापले की स्कार्फ सुटा होतो, तीही तयार.

सापळा कडेचा आहे. आयताकृती तुकडा, कड फक्त उसवू नये म्हणून गरम पात्याने कापलेली, बाकी काही नाही, तर तो अजून कापडच आहे आणि ५० ते ६० यांपैकी कापडाच्या प्रकरणात जातो. दशा असल्या तरी त्यांना गाठी आहेत का ते पाहा. नुसते धागे मोकळे सोडले म्हणजे गाठी मारल्या असं होत नाही.

फिती आणि गोंड्यांचंही तसंच. गजाच्या मापाने आलेली, तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंद नसलेली मागावरची फीत ५८०६ मध्ये, सुटे गोंडे ५८०८ मध्ये, भरतकाम नसलेली विणीची लेबलं ५८०७ मध्ये, भरतकामाचे बिल्ले ५८१० मध्ये. बुटाच्या लेसला टोकं बसवली की ती तयार वस्तू होऊन ६३०७ कडे जाते, पण लेस दोरीची असेल तर ५६०९. एका लेसपायी इतकी पानं उलटावी लागतील असं मला वाटलं नव्हतं.

४. नावाने शोधा, 'इतर' सगळ्यात शेवटी

वर्गीकरणाचे सहा सामान्य नियम दरसूचीच्या सुरुवातीला छापलेले असतात. पहिल्या नियमाप्रमाणे विभागांची आणि प्रकरणांची शीर्षकं केवळ सोयीसाठी असतात. कायदा म्हणजे हेडिंगचे शब्द आणि टिपा. तेव्हा प्रकरणाचं नाव वाचून थांबू नका.

मागावरच्या (आणि ६२ मधल्या इतर) वस्तूंसाठी:

- रुमाल : ६२१३
- शाल, स्कार्फ, मफलर, ओढणी, चेहऱ्यावरचा बुरखा : ६२१४
- टाय आणि बो : ६२१५
- हातमोजे : ६२१६
- कापडी पट्टा, खांद्याचे पॅड, हेडबँड, केसांची स्क्रंची, बाह्यांवरची पट्टी : ६२१७.१०
- कपड्यांचे सुटे भाग, जसं शिवलेली कॉलर किंवा खिसा : ६२१७.९०

याच वस्तू होजिअरीच्या असतील तर यादी आखूड होते. हातमोजे ६११६. प्लॅस्टिक किंवा रबराचा थर दिलेले होजिअरीचे हातमोजे ६११६.१०. शाल-स्कार्फ ६११७.१०. बाकी बहुतेक सगळं, टायसकट, ६११७.८०. जुन्या कागदांत होजिअरीच्या टायसाठी ६११७.२० दिसेल. तो कोड २००७ च्या आवृत्तीत गेला. कुणी अजून तो वापरत असेल तर त्याची बाकीची यादीही एकदा तपासा.

बाळांच्या वस्तूंचा वेगळा नियम आहे. ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बाळांसाठीचे होजिअरीचे हातमोजे किंवा पायमोजे ६१११ मध्ये, मागावरच्या कापडाच्या वस्तू ६२०९ मध्ये. दरसूची वय विचारत नाही, उंची विचारते. म्हणून लेबलवर '१२ ते १८ महिने' एवढंच असेल तर पुरवठादाराकडून मापांचा तक्ता मागून घ्या.

सबहेडिंग वाचताना डावीकडच्या आडव्या रेघांकडे लक्ष द्या. एक रेघवाल्या ओळीची तुलना फक्त एक रेघवाल्याच ओळीशी करायची, दोन रेघवाल्या ओळी त्यानंतर. नवखे लोक डोळा फिरवतात आणि खालच्या कुठल्यातरी 'इतर'वर बोट ठेवतात. वरच्या ओळीत त्यांच्या वस्तूचं नाव लिहिलेलं असतं.

५. टेप लावा

६२ व्या प्रकरणाच्या टिपांमध्ये एक साधा पण कडक नियम आहे. चौरस किंवा साधारण चौरस स्कार्फची एकही बाजू ६० सेंटिमीटरपेक्षा मोठी नसेल तर तो रुमाल, म्हणजे ६२१३. उलट, रुमालाची कुठलीही बाजू ६० च्या वर गेली की तो ६२१४ मध्ये स्कार्फांबरोबर.

म्हणजे गळ्यात बांधायचा ५५ सेंटिमीटरचा छापील बंदाना, पाकिटावर 'स्कार्फ' छापलेलं असलं तरी, दरसूचीसाठी रुमाल आहे. इथे पाकिटावरच्या नावाला काही किंमत नाही. आणि कॅटलॉगमधल्या मापावर विसंबू नका. धुऊन आटलेला किंवा शिवताना कमी भरलेला तुकडा ६० च्या अलीकडे येऊ शकतो. पाच-सहा नग स्वतः मोजा आणि लिहून ठेवा.

६. धाग्यांचं वजन

६२१३, ६२१४ आणि ६२१५ मध्ये सहाव्या अंकापर्यंत धागा विचारला जातो. उदाहरणार्थ ६२१४ मध्ये रेशीम .१०, लोकर आणि बारीक प्राणिकेस .२०, संश्लेषित धागे .३०, कृत्रिम धागे .४०, बाकी .९०. सुती स्कार्फला स्वतःची ओळ नाही, तो .९० मध्ये जातो. होजिअरीच्या ६११७.१० मध्ये मात्र सहा अंकांपर्यंत धाग्याचा प्रश्नच येत नाही. तो पुढे, देशाच्या अंकांत येऊ शकतो.

संश्लेषित आणि कृत्रिम हे इथे समानार्थी शब्द नाहीत. पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक संश्लेषित. व्हिस्कोस, मोडाल, लायोसेल कृत्रिम, कारण त्यांचा कच्चा माल वनस्पतींतला सेल्युलोज असतो. 'आर्ट सिल्क' ही रेशमाची जात नाही, आणि 'पश्मिना' छापलेली शाल प्रत्यक्षात व्हिस्कोसची निघू शकते. लेबलवरच्या गोड शब्दांना फसू नका, टक्के मागा.

मिश्र कापडाचा हिशेब असा: ज्या धाग्याचं वजन इतर प्रत्येक धाग्यापेक्षा जास्त, सगळी वस्तू त्याचीच धरायची. अर्ध्याहून जास्त असण्याची गरज नाही. रेशीम ४०, कापूस ३५, लोकर २५ असेल तर शाल रेशमाची. दोन धागे बरोबरीत आले तर क्रमाने शेवटी येणारं प्रकरण जिंकतं. कापूस ५२ मध्ये आणि पॉलिएस्टर ५४-५५ मध्ये, म्हणून ५०-५० टाय मानवनिर्मित (संश्लेषित वा कृत्रिम) धाग्यांची, ६२१५.२०. ५४ आणि ५५ ही दोन्ही प्रकरणं या हिशेबात एकच समजतात. जरीचा धागाही कापडी धागा म्हणूनच वजनात धरतात, त्यातल्या धातूचं आणि सुताचं वेगळं वजन काढत नाहीत.

टक्के बरोबरीच्या आसपास असतील, म्हणजे ५१-४९ असा प्रकार, तर प्रयोगशाळेचा अहवाल घ्याच. पुरवठादाराने पुढच्या खेपेला धागा किंचित बदलला तरी कोड उलटतो.

७. सेट आला तर

टोपी, स्कार्फ आणि हातमोजे एकाच पेटीत विकायला आले तर तीन कोड की एक? वस्तू निरनिराळ्या हेडिंगच्या आहेत, एका गरजेसाठी एकत्र आहेत आणि पेटी तशीच ग्राहकाला विकली जाणार आहे, या तिन्ही अटी पुऱ्या होत असतील तर ती पेटी किरकोळ विक्रीचा सेट ठरते आणि तिला एकच कोड लागतो. कोणती वस्तू सेटला मुख्य रूप देते ते बघायचं. ते ठरवताच येत नसेल तर त्यांतल्या क्रमाने शेवटच्या हेडिंगचा कोड. या उदाहरणात तो टोपीचा, ६५०५.

कापडी कपड्यांच्या सेटला हा नियम लागत नाही. ६१०१ ते ६११४ आणि ६२०१ ते ६२११ मधले कपडे एका पेटीत असले तरी प्रत्येक आपापल्या हेडिंगमध्ये जातो. ॲक्सेसरी या व्याख्येत नाहीत. हा फरक मला दोनदा वाचून कळला.

८. अडलात तर आगाऊ निर्णय मागा

नमुना, फोटो, धाग्यांचं प्रमाण आणि तुमचं म्हणणं देऊन कस्टम्सकडून माल येण्याआधीच लेखी निर्णय मागता येतो. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात सदस्य देशांसाठी अशा निर्णयांची तरतूद आहे. नेहमी मागवायची वस्तू असेल तर हा त्रास एकदाच घ्या. अमेरिकेचे आणि युरोपीय संघाचे असे निर्णय इंटरनेटवर सगळ्यांना शोधता येतात. तुमच्या कस्टम्सवर ते बंधनकारक नाहीत, पण स्क्रंचीसारख्या वस्तूकडे दुसऱ्यांनी कसं पाहिलं हे समजतं. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरण टिपांचंही तसंच, बहुतेक अधिकारी त्या मानतात, पण कायदा म्हणजे दरसूचीतल्याच टिपा आणि हेडिंग.

इनव्हॉइसवर काय लिहून घ्यायचं

'फॅशन ॲक्सेसरीज, मिश्र' असं वर्णन म्हणजे तपासणीला आमंत्रण. मी पुरवठादाराला आता तयार ओळ पाठवतो: 'महिलांचा स्कार्फ, मागावर विणलेला, १०० टक्के व्हिस्कोस, १८० बाय ७० सेंटिमीटर, कडा दुमडून शिवलेल्या.' विण, धागा, माप, कड हे चारही त्यात आले. ६२१४.४० असं त्यातून कुणीही काढू शकतो.

कोडावर मूळ देशाचे नियमही, म्हणजे माल कुठल्या देशात बनला असं धरायचं ते ठरवणारे नियम, अवलंबून असतात. सवलतीच्या शुल्कासाठी मूळ प्रमाणपत्र वापरणार असाल तर प्रमाणपत्रावरचा आणि कस्टम्सला द्यायच्या घोषणेतला सहा अंकी कोड जुळतो का ते माल जहाजावर चढण्याआधी पाहा. नंतर प्रमाणपत्र बदलून मिळवणं फार किचकट होतं.

प्रत्येक वस्तूची एक फाइल ठेवा: नमुन्याचा कापलेला तुकडा, भिंगातून काढलेला फोटो, मापं, टक्के, कुठली टीप लावली आणि तारीख. तारीख यासाठी की सूची साधारण दर पाच वर्षांनी बदलते. २०१७ नंतर २०२२ ची आवृत्ती आली, आणि पुढची १ जानेवारी २०२८ ला लागू होणार आहे. त्या सुमारास येणाऱ्या मालाच्या फाइलींवर मी आत्ताच पेन्सिलीने 'पुन्हा तपासणे' असं लिहून ठेवलं आहे.